रायपूरच्या वेशीवर : नवागतांनी पाहिलेल्या एका शहराचा इतिहास

कोणत्याही शहराचे पहिले दर्शन हे येणारा माणूस कोणत्या वाटेने येतो, कोणाच्या चाकरीत येतो आणि किती दिवस राहण्याच्या बेताने येतो, या तीन गोष्टींवर ठरते. म्हणूनच एकाच शहराविषयी निरनिराळ्या काळांत आलेल्या माणसांनी करून घेतलेले पहिले ग्रह शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांतून त्या शहराचा असा इतिहास उभा राहतो, जो केवळ राजांच्या वंशावळींतून हाती लागत नाही. छत्तीसगडातील रायपूर हे अशा अभ्यासाला विशेष योग्य असे शहर आहे, कारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे येणाऱ्यांत मराठी कारकून आणि कमाविसदार होते, बंजाऱ्यांचे तांडे होते, कंपनी सरकारचे गोरे अधिकारी होते आणि पुढे रेल्वेने उतरलेले व्यापारी व वकीलही होते, आणि यांतील प्रत्येकाला दिसलेले रायपूर निराळे होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने तर या इतिहासाला आणखी एक अंग आहे, ते असे की या शहरात राज्यकर्त्यांचे नोकर म्हणून आलेली मराठी माणसे पुढे तेथलीच होऊन राहिली.

रायपूर ज्या मैदानात वसले आहे ते महानदीच्या वरच्या खोऱ्याचे मैदान असून, भोवताली डोंगर व जंगल आणि मध्ये सपाट भातशेती अशी त्याची ठेवण आहे. पश्चिमेकडून, म्हणजे नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूने येणाऱ्याला रानातला घाट उतरून दुर्गजवळ शिवनाथ आणि रायपूरच्या अलीकडे खारून अशा दोन नद्या ओलांडाव्या लागत. खारूनच्या काठी महादेवघाट आणि हाटकेश्वराचे जुने देऊळ आहे, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सांध्यावर रायपूरच्या कलचुरी शाखेतील ब्रह्मदेव राजाच्या काळाशी या स्थानाचा संबंध सांगितला जातो. कलचुरी किंवा हैहयवंशी राजांची मूळ राजधानी रतनपूर ही होती आणि तिची एक शाखा रायपुरास नांदत होती. शिवनाथच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा गड आणि दक्षिणेस रायपूरचे अठरा गड, अशी छत्तीस गडांची मोजणी करून या प्रांताचे नाव पडले असे परंपरा सांगते. येथे गड म्हणजे डोंगरी किल्लाच असा अर्थ नसून, एका ठाण्याखाली येणाऱ्या गावांचा महसुली गट असा अर्थ घ्यावयाचा आहे.

शहराची पहिली ओळख कशाने होते, हे त्याच्या बांधणीवर अवलंबून असते. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश राजवटीने वसवलेल्या गावांसाठी राजा दुसरा फिलिप याने १५७३ मध्ये नियम घालून दिले होते आणि त्यांनुसार मध्यभागी मोठा चौक, चौकाभोवती चर्च व कचेरी आणि तेथून काटकोनात निघणारे रस्ते अशी आखणी होत असे, त्यामुळे तिकडच्या लहानशा गावात येणारा परका मनुष्यही आधी चौकात पोहोचे आणि तेथे उभे राहूनच गावाचा अंदाज घेई. रायपूरला असा चौक नव्हता. येथे येणाऱ्याला आधी पाणी दिसे. कोटाला लागून पसरलेला बूढा तलाव, जवळचा महाराजबंध, चारही बाजूंनी दगडी बांधणी असलेला आणि मधोमध महादेवाचे लहान देऊळ असलेला कंकाली तलाव, पूर्वेकडचा तेलीबांधा, ही तळी केवळ शोभेची नव्हती. मैदानी मुलखात उन्हाळ्यात विहिरी आटत, तेव्हा माणसांचे आणि गुरांचे पाणी हेच असे, आणि म्हणून तळे बांधणे हे राजा, महंत, व्यापारी व इजारदार अशा सर्वांनाच पुण्याचे आणि प्रतिष्ठेचे काम वाटे. कंकाली तलाव कृपालगीर नावाच्या महंताने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधला आणि महाराजबंध मराठी अमदानीतल्या एका इजारदाराने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर महसुलाची वसुली मक्त्याने घेणाऱ्याने बांधला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे.

मराठ्यांची या प्रांतातील पहिली स्वारी १७४१ ची. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपुरावर चालून आले आणि तेथील कलचुरी राजाने शरणागती पत्करली. रायपूरच्या शाखेचा राजा अमरसिंह याचे राज्य त्यानंतरही काही वर्षे टिकले, परंतु १७५७-५८ च्या सुमारास दोन्ही शाखांचा प्रत्यक्ष कारभार संपून रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले छत्तीसगडाचे राज्य पाहू लागले. बिंबाजींनी रतनपुरास राहून १७८७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत कारभार केला आणि ते जरी नागपूरच्या गादीचे अंकित होते, तरी त्यांचा दरबार, त्यांचे प्रधान आणि त्यांची फौज स्वतंत्र होती. रतनपुराच्या टेकडीवरील राममंदिर त्यांनी बांधले आणि रायपुरात दूधाधारी मठाशी निगडित असलेले रामचंद्राचे देऊळ १७७५ मध्ये त्यांच्याच आश्रयाने उभे राहिले. कागदोपत्री मराठी भाषा आणि मोडी लिपी यांचा वापर या प्रांतात त्यांच्या काळापासून रूढ झाला.

बिंबाजींच्या नावाशी जोडली गेलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट मात्र एका पानाची आहे. दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याची महाराष्ट्रातील चाल छत्तीसगडात त्यांनी सुरू केली असे मानले जाते आणि तिला तेथे सोनपत्ती म्हणतात. आपट्याचे पान देठापाशी एक आणि टोकाकडे दुभंगलेले, जणू दोन पाने पाठीला पाठ लावून जोडल्यासारखे असते. रावणवध पाहून घरी परतलेला मनुष्य ते थोरांच्या हातात ठेवून पाया पडतो आणि बरोबरीच्यांना देऊन आलिंगन देतो. राज्य गेले, कचेऱ्या गेल्या, मोडी वाचणारे हात गेले, तरी मराठीचा एक शब्दही न बोलणारी छत्तीसगडी घरे आजही हे पान देतात आणि घेतात, यावरून एखादी चाल लोकांनी आपली मानली की ती आणणाऱ्याची सत्ता संपल्यावरही कशी जगते, हे दिसते.

बिंबाजींनंतर प्रांत व्यंकोजी भोसल्यांकडे गेला, परंतु त्यांनी नागपूर सोडून येथे वस्ती केली नाही आणि १७८७ पासून १८१८ पर्यंत सुभेदारांमार्फत कारभार चालला. महिपतराव दिनकर, विठ्ठलराव दिनकर, केशव गोविंद ही त्या सुभेदारांतील काही नावे होत. विठ्ठलरावांच्या वेळी जुन्या गडांची व्यवस्था मोडून परगण्यांची व्यवस्था घातली गेली. परगण्याचा मुख्य तो कमाविसदार, त्याचा हिशेबनीस तो फडणवीस, महसुलाची दप्तरे ठेवणारा तो बरारपांडे आणि गावाच्या पातळीवर रयतेकडून वसूल करणारा तो गौंटिया, अशी ही उतरंड होती. जमीनमहसुलाखेरीज जमीनदारांकडून येणारी खंडणी ती टाकोळी, मालाच्या ये-जेवर घेतली जाणारी जकात ती सायर, आणि शेती न करणाऱ्या लोकांवरील कर तो पंढरी म्हणून ओळखला जाई. या शेवटच्या शब्दाच्या मुळाशी मराठी मुलखातील काळी आणि पांढरी ही जुनी जोडी आहे, कारण पिकाची जमीन ती काळी आणि घरांची वस्ती ती पांढरी, व म्हणून वस्तीतल्या कारागीर-व्यापाऱ्यांवरचा कर पांढरीचा. भाताच्या पिवळसर आणि तांबूस मातीच्या मुलखात हा शब्द देशावरच्या काळ्या रानाची आठवण घेऊन आला आणि सरकारी दप्तरात स्थिर झाला.

अशा कारभारात नागपूर, वऱ्हाड किंवा त्याही पलीकडून आलेल्या मराठी कारकुनाची रायपूरशी पहिली गाठ कागदातून पडे. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढतो आणि मग बोरूची लेखणी शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे गुंफीत जातो. शब्दाशब्दांत अंतर नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि माथ्यावर श्रीकार असतो. परगण्यातील गावांची नावे, नांगरांची संख्या, तळ्यांची डागडुजी, नाक्यावरचे बैल, हे सर्व या लिपीत उतरले आणि छत्तीसगडी गावांची नावे मराठी कानांनी ऐकली तशी लिहिली गेली. कारकुनाला रायपूर पाहून काय वाटले, हे मात्र तो लिहीत नसे, कारण ते लिहिणे त्याच्या कामाचा भाग नव्हते.

वाटले काय हे लिहून ठेवले ते दुसऱ्याच लोकांनी. डॅनियल रॉबिन्सन लेकी हा इंग्रज १७९० मध्ये कटकहून नागपूरला जाताना रायपूरवरून गेला, आणि पूर्वेकडच्या विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलखातून आल्यामुळे त्याला रायपूर हे व्यापाऱ्यांनी आणि श्रीमंत लोकांनी भरलेले मोठे गाव वाटले. त्याने खालचा भाग दगडाचा आणि वरचा मातीचा असलेला, पाच दरवाज्यांचा कोट पाहिला आणि दगडी बांधणीच्या सुरेख तळ्याचीही नोंद केली. पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, कॅप्टन जेम्स ब्लंट हा सर्वेक्षणाच्या कामावर चुनारहून निघून दक्षिणेस गोदावरीच्या बाजूला जात असता रतनपूर व रायपूर या मार्गाने आला. सर्वेक्षकाच्या सवयीने त्याने घरे मोजली आणि सुमारे तीन हजार झोपड्यांची नोंद केली. कोटाचे तट ढासळलेले आहेत पण खंदक खोल व रुंद आहे, हेही त्याने टिपले आणि दर्जाने रायपूर हे रतनपूरच्या खालचे असले तरी लोकवस्ती आणि व्यापार यांत पहिले आहे, असा निर्वाळा दिला. सुकाळाच्या वर्षी या प्रांतातून धान्य बाहेर नेण्यास लाखभर बैल लागतात, हीही त्याचीच नोंद आहे.

हे दोघे पाच वर्षांच्या अंतराने त्याच कोटापुढे उभे राहिले होते, तरी एकाला दरवाजे दिसले आणि दुसऱ्याला ढासळलेला तट दिसला. यात कोणी खोटे लिहिले असे नसून, एक जण रानातून गावात आल्याच्या समाधानाने पाहत होता आणि दुसरा हा किल्ला लढाईच्या किती उपयोगाचा आहे हे पाहत होता. ब्लंटच्या नोंदीतील बैल हे बंजाऱ्यांचे होते. बंजारे म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन मुलूखभर फिरणारे वाहतूकदार. ते पूर्व किनाऱ्याकडून मीठ आणीत आणि परतीला तांदूळ व गहू नेत. त्यांच्या दृष्टीने रायपूर म्हणजे सायर भरण्याचे नाके, बैलांना पाणी पाजण्याचे तळे आणि भाव ठरविण्याचा बाजार होय. या शहरात दरवर्षी सर्वांत मोठ्या संख्येने येणारे आणि त्याच्या भरभराटीला सर्वांत अधिक कारण झालेले नवागत तेच होते, पण त्यांच्या हातचा एकही कागद रायपूरच्या इतिहासात उद्धृत होत नाही. लेकी आणि ब्लंट यांची प्रवासवर्णने मात्र छापली गेली आणि १९३० मध्ये नागपुरात निघालेल्या जुन्या युरोपीय प्रवाशांच्या संकलनात पुन्हा प्रसिद्ध झाली. थोडे दिवस थांबलेल्यांची नजर इतिहासाला मिळाली आणि जन्मभर राहिलेल्यांची मिळाली नाही, ही या शहराच्या साधनांतील मोठी उणीव आहे.

नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर १८१८ मध्ये छत्तीसगडाचा कारभार अल्पवयीन रघूजी तिसरे यांच्या नावाने इंग्रज अधीक्षकांकडे गेला आणि त्यांपैकी अ‍ॅग्न्यू याने प्रांताचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. या निर्णयाने शहराचे दैव पालटले, कारण तोपर्यंत व्यापारात पहिले असलेले गाव आता सत्तेतही पहिले झाले आणि रतनपूर हळूहळू देवळे व तळी यांचे शांत गाव होऊन राहिले. अ‍ॅग्न्यूने १८२० मध्ये लिहिलेला प्रांताचा अहवाल हा बाहेरून आलेल्याने केलेल्या वर्णनाचा पुढचा टप्पा आहे, कारण त्यात प्रवाशाच्या नजरेची जागा राज्य चालविणाऱ्याच्या गरजेने घेतली आहे. माहिती मात्र त्याला मराठी कारभाराच्या दप्तरांतून आणि अंमलदारांच्या तोंडूनच मिळवावी लागली. १८३० मध्ये प्रांत पुन्हा भोसल्यांकडे आला तरी ठाणे रायपुरासच राहिले आणि १८५३ च्या डिसेंबरात रघूजी तिसरे निपुत्रिक वारल्यावर १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले.

शहरात येणारे सर्वच आपखुशीने येत नाहीत. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार फोडून धान्य भुकेल्यांना वाटल्यावरून कैद करून रायपूरला आणले होते; ते तुरुंगातून निसटले, सोनाखानला जाऊन लढले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आले. ज्या प्रांताने लाखभर बैलांनी धान्य बाहेर पाठविले, त्याच प्रांतात एका दुष्काळाने धान्याचे कोठार हा बंडाचा विषय झाला, हे रायपूरच्या समृद्धीचे वर्णन वाचताना विसरता येत नाही.

पुढची काही दशके वाटेची आहेत. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा मोठा रस्ता सुधारला गेला, १८६७ मध्ये नगरपालिका झाली, आणि १८७५ मध्ये राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या आश्रयाने संग्रहालय उघडले. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास आले व त्यांच्यामागून त्यांचे कुटुंब आले. त्या कुटुंबात चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद होते. नागपूरपर्यंत रेल्वे आणि तेथून रायपूरपर्यंत पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडी असा तो प्रवास होता. वाटेत दोन डोंगरांच्या कपारीत लोंबणारे प्रचंड मधाचे पोळे पाहून हा मुलगा भान हरपून गेला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शहर येण्याआधीची वाटही येणाऱ्याच्या मनात कशी घर करते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण रायपूरच्या इतिहासात नाही. बैलगाडीची गती होती म्हणून ते पोळे दिसले. त्या कुटुंबाचे वास्तव्य बूढापारा भागात होते आणि बूढा तलावाला आज त्यांचेच नाव दिलेले आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत ती वाट मागे पडली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत आली, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि रायपूर, बिलासपूर ओलांडून १८९१ पर्यंत हा मार्ग आसनसोलला जोडला. पंधरवड्याची वाट एका दिवसावर आली. १८९२ मध्ये राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून खारूनचे पाणी नळाने शहरात आले आणि तळ्यांचे जुने महत्त्व कमी होऊ लागले. १९०० च्या सुमारास धमतरीकडे अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३२,११४ भरली. कोटाचा दरवाजा, तळ्याचा घाट आणि सायरचे नाके यांची जागा स्थानकाच्या फलाटाने घेतली, आणि ज्या पाण्याने पूर्वी शहर ओळखले जाई ते पाणी आता शहराच्या मागच्या अंगाला पडले.

याच काळात शहरातील मराठी वस्तीचे रूपही बदलले. पारा म्हणजे वस्तीतील मोहल्ला. रायपूरचा तात्यापारा हे नाव आजही मराठी वळणाने उच्चारले जाते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी या वस्तीतली माणसे स्वतःला भोसल्यांच्या कारकुनांची मुले एवढेच समजत नव्हती. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मलेले आणि रायपूरच्या शाळेत शिकलेले माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून छत्तीसगड मित्र हे हिंदी मासिक सुरू केले. त्यांच्या बरोबर संपादनात रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशनाची बाजू रायपूरचे वामनराव लाखे यांनी सांभाळली. तीन मराठी माणसांनी, मराठी घरांत वाढून, छत्तीसगडच्या नावाने हिंदीत नियतकालिक काढले, यात मराठीचा त्याग नव्हता; दासबोध आणि लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य सप्र्यांनीच हिंदीत नेले. ज्या प्रांतात आपण राहतो त्याच्या भाषेत त्या प्रांताची सेवा करणे हे त्यांना आपले कर्तव्य वाटले. लाखे पुढे सहकारी चळवळीत आणि राष्ट्रीय आंदोलनात अग्रभागी राहिले. शहरातील एका भागाला त्यांचे नाव आहे. १९३५ मध्ये रायपुरात महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि सण, नाटक, शाळा व समाजकार्य यांच्या रूपाने मराठी जीवनाला एक घर मिळाले. वेशीवरून आत आलेला परका मनुष्य नागरिक केव्हा झाला, हे सांगणारी तारीख कोणत्याच दप्तरात सापडत नाही, परंतु सप्रे-लाखे यांच्या पिढीत तो झालेला होता, हे निश्चित म्हणता येते.

एक नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले, आणि तेव्हापासून येथे येणाऱ्यांची संख्या, वाटा आणि कारणे पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली आहेत. आज विमानाने उतरणाऱ्याला कोट दिसणार नाही, खंदक दिसणार नाही, आणि बूढा तलावही मूळच्यापेक्षा आटलेला दिसेल. जुन्या रायपूरचे वर्णन हवे असेल तर अभ्यासक अजूनही लेकी आणि ब्लंट यांच्याकडेच वळतो, कारण त्यांचे लिहिणे छापलेले आहे. या शहरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी ज्यांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात किंवा जुन्या पेटीत मोडीतील कागद असतील, मग ते जमाखर्चाचे असोत, सनदेचे असोत की केवळ खुशालीच्या पत्राचे असोत, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी किंवा वाळवीच्या तोंडी देण्याआधी एखाद्या मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि शक्य असल्यास अभिलेखागाराच्या स्वाधीन करावेत. चार दिवस राहून गेलेल्यांनी रायपूरविषयी काय लिहिले ते आपल्याला ठाऊक आहे; येथे येऊन येथेच देह ठेवलेल्यांनी काय लिहिले, ते वाचण्याचे काम अजून बाकी आहे.